मिश्र प्रक्रियकांवरील गणनकार्यांचे नियोजन : मणिबेलीच्या पाणीपातळीचे एक उदाहरण

१. विषयप्रवेश

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या दक्षिण तीरास मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाचे पाणी महाराष्ट्रातील ज्या गावात सर्वांच्या आधी शिरले ते हे गाव होय. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरे पाण्याखाली गेली आणि मणिबेलीचे नाव देशाबाहेरही पोहोचले. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १३८.६८ मीटर ही जलाशयाची पूर्ण पातळी २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच गाठली गेली. नदीकाठच्या डोंगरउतारावर ज्यांची शेते व घरे आहेत त्यांच्या दृष्टीने पावसाळ्यातील प्रश्न एकच असतो : उद्या सकाळी पाणी कोठवर येईल ?

या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढता येण्याजोगे आहे. परंतु ते सोपे नाही. नर्मदेचे खोरे सुमारे ९८ हजार चौरस किलोमीटरांचे आहे. मणिबेलीपाशी पाणी किती चढेल हे त्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसावर जसे अवलंबून असते, तसेच वरच्या अंगास बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर या धरणांतून किती पाणी सोडले जाते आणि खाली सरदार सरोवराची दारे किती उघडली जातात यांवरही अवलंबून असते. हे सर्व आकडे घेऊन पातळीचा अंदाज बांधावयाचा तर गणनाची अनेक कामे एकामागून एक, आणि काही एकाच वेळी, करावी लागतात. शिवाय येथे एक विलक्षण अट आहे. उत्तर पाण्याच्या आधी आले पाहिजे. पाणी चढून गेल्यावर हाती आलेले उत्तर कितीही अचूक असले तरी निरुपयोगीच होय.

महासंगणकाच्या क्षेत्रात ‘कार्यनियोजन’ या नावाने ओळखला जाणारा प्रश्न हाच आहे. भिन्न प्रकारची यंत्रे आणि भिन्न स्वभावाची कामे समोर असता कोणते काम कोणत्या यंत्रास द्यावयाचे व कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो केवळ तांत्रिक वाटतो. तथापि मणिबेलीच्या उदाहरणाने त्याचे मर्म ध्यानी येते. ते असे की, उत्तर केव्हा मिळेल हे यंत्राच्या वेगावरून ठरत नाही, तर एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीवरून ठरते. ही साखळी ओळखणे व तिला खोळंबू न देणे, एवढ्यातच नियोजनाची सारी विद्या सामावलेली आहे.

२. यंत्रांची विषमता

महासंगणकातील सर्व प्रक्रियक एकसारखे असते तर प्रश्न पुष्कळच सुकर झाला असता. परंतु तसे ते क्वचितच असतात. आजच्या महासंगणकांत सामान्यतः दोन जातींचे प्रक्रियक शेजारी शेजारी नांदतात. पहिली जात सीपीयूची. हा प्रक्रियक सर्वकामी आहे. ‘जर असे, तर तसे’ या धाटणीच्या, पावलोपावली वाट बदलणाऱ्या कामांत तो तरबेज असतो. दुसरी जात जीपीयूची. पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी तो जन्मास आला; पुढे त्याच्या ठिकाणी असलेली हजारो लहान गणनएककांची फौज शास्त्रीय गणनाच्या कामी आली. एकच क्रिया हजारो आकड्यांवर एकाच वेळी करावयाची असेल तर जीपीयूची बरोबरी सीपीयूला करता येत नाही. उलट, प्रत्येक आकड्यास निराळी वागणूक द्यावयाची असेल तर त्या फौजेतील पुष्कळ एकके नुसती उभी राहतात.

याखेरीज आणखी एक भेद आहे व तो नेहमी विसरला जातो. दोहोंची स्मृती बहुधा वेगवेगळी असते. सीपीयूने तयार केलेले आकडे जीपीयूने वापरावयाचे तर ते एका स्मृतीतून दुसरीत वाहून न्यावे लागतात आणि या वाहतुकीला वेळ लागतो.

महाराष्ट्राला ही विषमता नवी नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे प्रक्रियक होते. शेजारच्या प्रक्रियकांशी संवाद साधण्यासाठी प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार दुवे असत. संवादात तो निपुण होता. मोठ्या आकडेमोडीत मात्र लवकरच तोकडा पडू लागला. म्हणून त्यानंतरच्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० हा बलवान प्रक्रियक आणि चार ट्रान्सप्यूटर यांची एका घटकात जोडणी करण्यात आली. आकडेमोडीला एक आणि दळणवळणाला दुसरा, असा हा संसार होता. २०१३ च्या ‘परम युवा-२’ मध्ये सीपीयूंच्या जोडीला झिऑन फाय हे सहप्रक्रियक आले. २०२० च्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये तर एकेका घटकात २ सीपीयू आणि ८ जीपीयू असे प्रमाण आहे. यंत्रे पालटली, वेग लक्षपटींनी वाढला. परंतु ‘कोणाचे काम कोणी करावे’ हा प्रश्न जसाचा तसा राहिला. किंबहुना वेगांतील तफावत वाढल्यामुळे तो अधिकच बिकट झाला.

३. कोणते काम कोणास द्यावे

आता मणिबेलीच्या पाणीपातळीचा अंदाज काढण्याचे काम पाच टप्प्यांत विभागले आहे असे मानू. सीपीयूंचा एक संच आणि जीपीयूंचा एक संच उपलब्ध आहे. प्रत्येक टप्प्यास लागणारा वेळ मिनिटांत पुढे दिला आहे. हे आकडे विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

क. पाऊस व धरणांतील विसर्ग यांचे आकडे जमवून तपासणे : सीपीयूवर १०, जीपीयूवर ३०.
ख. खोऱ्यावरील पुढील पावसाचा अंदाज : सीपीयूवर ६०, जीपीयूवर १२.
ग. जमिनीवरून ओढ्यानाल्यांत वाहून येणाऱ्या पाण्याचा हिशेब : सीपीयूवर १४, जीपीयूवर १८.
घ. नदीपात्रातील व जलाशयातील प्रवाहाचे गणन : सीपीयूवर ५०, जीपीयूवर १०.
च. पातळीचा नकाशा व इशाऱ्याचा मजकूर तयार करणे : सीपीयूवर ८, जीपीयूवर २०.

प्रत्येक टप्प्यास आधीच्या टप्प्याचे उत्तर लागते. एका जातीच्या प्रक्रियकावरून दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकाकडे काम गेले की आकड्यांच्या वाहतुकीस ६ मिनिटे लागतात.

सर्व कामे सीपीयूवर केली तर १४२ मिनिटे लागतील. सर्व कामे जीपीयूवर केली तर ९० मिनिटे लागतील. दोहोंचा मिलाफ करावा हे उघड आहे. आता कोणासही सुचेल अशी रीत म्हणजे प्रत्येक काम ते ज्याला लवकर होते त्याला द्यावे. त्याप्रमाणे क सीपीयूला, ख जीपीयूला, ग पुन्हा सीपीयूला, घ जीपीयूला आणि च सीपीयूला जाईल. कामाचे टप्पे १०, १२, १४, १० आणि ८ मिनिटांचे. त्यांची बेरीज ५४. वाहतूक मात्र चार वेळा झाली. तिची २४ मिनिटे. एकूण ७८ मिनिटे.

याच्या उलट, ग हे काम जीपीयूवर जरी ४ मिनिटे अधिक घेत असले तरी ते तेथेच ठेवले, तर वाहतूक दोनदाच होते. १०, १२, १८, १० आणि ८ यांची बेरीज ५८. वाहतुकीची १२ मिनिटे. एकूण ७० मिनिटे. म्हणजे एक काम मुद्दाम मंद यंत्रास दिल्याने संपूर्ण कार्य ८ मिनिटे लवकर संपले. प्रत्येक कामाच्या दृष्टीने जी निवड उत्तम, ती सर्व कार्याच्या दृष्टीने उत्तम असेलच असे नाही, हा या शास्त्रातील पहिला धडा होय. प्रक्रियकाचा वेग हा त्याचा एकट्याचा गुण नव्हे. ज्या कामाच्या मागे व पुढे तो उभा आहे त्या कामांच्या संदर्भातच त्या वेगाला अर्थ प्राप्त होतो.

४. कोणते काम आधी करावे

निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा आहे. वरील पाच कामांत आणखी एक काम मिळवू. ते छ : नदीकाठचे उतार, वस्त्या व वाटा यांचा मूळ नकाशा सिद्ध करणे. ते फक्त सीपीयूवर होते आणि त्यास २५ मिनिटे लागतात. त्याला पावसाच्या आकड्यांची गरज नाही. परंतु च हे शेवटचे काम त्याच्यावाचून होऊ शकत नाही.

आरंभी सीपीयूपुढे दोन कामे उभी आहेत : १० मिनिटांचे क आणि २५ मिनिटांचे छ. ‘मोठे काम आधी उरकावे’ हा व्यवहारातील नियम येथे लावला तर छ प्रथम होईल, क ला २५ मिनिटे थांबावे लागेल, आणि तेवढा वेळ जीपीयूही रिकामा बसेल. संपूर्ण कार्य ७० ऐवजी ९५ मिनिटांनी संपेल. उलट क प्रथम केले तर जीपीयू ख, ग आणि घ या कामांत गुंतलेला असताना मोकळा झालेला सीपीयू दहाव्या मिनिटापासून पस्तिसाव्या मिनिटापर्यंत छ उरकून घेईल आणि कार्य ७० मिनिटांतच संपेल. नकाशाचे काम जणू फुकटात झाले.

याचे कारण स्पष्ट आहे. क हे काम लहान असले तरी त्याच्या पाठीशी ७० मिनिटांची साखळी आहे. छ च्या पाठीशी केवळ ३३ मिनिटांची आहे. कामाचे महत्त्व त्याच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्यामागे कार्याच्या अखेरपर्यंत किती वाट उरली आहे यावरून ठरवावे, हा दुसरा धडा.

हा धडा न मानल्यास काय घडते याचे अभिजात उदाहरण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात दिले. नऊ कामांची एक यादी त्यांनी घेतली. जो प्रक्रियक मोकळा होईल त्याने यादीतील पहिले तयार काम उचलावयाचे, एवढाच नियम. तीन प्रक्रियकांवर ही कामे १२ एकक काळात संपतात. चौथा प्रक्रियक दिला असता त्यांस १५ एकक लागतात ! साधनसामग्री वाढली आणि विलंबही वाढला. यात गूढ काही नाही. चौथा प्रक्रियक आल्यामुळे मधली लहान कामे अगोदर तयार झाली आणि त्यांनी सर्व प्रक्रियक अडवून धरले. सर्वांत लांब, ९ एककांचे काम यादीच्या तळाशी होते. ते सहाव्या एककापर्यंत तसेच पडून राहिले. त्याच उदाहरणात प्रत्येक कामाचा वेळ एकेका एककाने कमी केला तरी तीन प्रक्रियकांवर एकूण काळ १२ वरून १३ वर जातो, हेही ग्रॅहम यांनी दाखविले. म्हणून नवे यंत्र विकत घेणे हे नियोजनाला पर्याय ठरू शकत नाही. अशा सरळ नियमाने होणारे नुकसान अमर्याद मात्र नसते. एकसारखे म प्रक्रियक असता लागणारा काळ उत्तमोत्तम नियोजनाच्या (२ – १/म) पटीपेक्षा अधिक होत नाही, हेही त्यांनीच सिद्ध केले.

५. उत्तम नियोजन का सापडत नाही

येथे जिज्ञासू वाचक विचारील की, सर्व शक्य नियोजने तपासून त्यांतील उत्तम ते का घेऊ नये ? सहा कामांपुरते ते शक्य आहे. परंतु ५० कामे दोन यंत्रांत वाटण्याचेच प्रकार सुमारे ११ कोटी कोटी होतात. त्यात क्रमाचा विचार अद्याप आलेलाच नाही. प्रत्यक्ष हवामानाच्या किंवा पुराच्या गणनात लहानमोठी कामे हजारोंनी असतात. या जातीचे प्रश्न गणनशास्त्रात दुःसाध्य गणले जातात. ते सर्व उदाहरणांत जलद व अचूक सोडविणारी रीत अद्याप कोणास सापडलेली नाही आणि ती असेल असे बहुसंख्य तज्ज्ञांस वाटत नाही. कामे परस्परांवर मुळीच अवलंबून नसली तरी केवळ यंत्रांच्या विषमतेनेही प्रश्न अवघड होतो. लेन्स्ट्रा, श्मॉइस आणि टार्डोश या तिघांनी १९९० मध्ये अशा विषम यंत्रांसाठी उत्तमाच्या दुपटीच्या आत राहणारी रीत दिली. त्याचबरोबर दीडपटीहून अधिक जवळ जाण्याची हमी देणारी जलद रीत त्या दुःसाध्य प्रश्नांचे कोडे सुटल्याशिवाय मिळणार नाही, हेही दाखवून दिले.

म्हणून व्यवहारात उत्तमाचा आग्रह सोडून पुरेशा चांगल्याचा स्वीकार करावा लागतो. मिश्र यंत्रांसाठी विशेष प्रचारात असलेली रीत टॉपजुओलू, हरीरी आणि वू यांनी २००२ मध्ये मांडली. तिचे संक्षिप्त नाव ‘हेफ्ट’ असे आहे. तिच्यात दोन पायऱ्या आहेत. प्रथम प्रत्येक कामापासून कार्याच्या अखेरपर्यंतची सर्वांत लांब वाट मोजावयाची. त्यासाठी निरनिराळ्या यंत्रांवरील वेळांची सरासरी व वाहतुकीचा काळ जमेस धरावयाचा आणि ज्याची वाट लांब त्याला पहिला मान द्यावयाचा. नंतर त्या क्रमाने एकेक काम घेऊन, वाहतूक धरून, ते ज्या यंत्रावर सर्वांत लवकर पूर्ण होईल तेथे ठेवावयाचे; मधली रिकामी जागा सापडल्यास तीत बसवावयाचे. वरील उदाहरणास ही रीत लावली असता ग हे काम आपोआप जीपीयूवरच राहते. सीपीयूवर ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटास संपले असते, जीपीयूवर शेहेचाळिसाव्यास संपते. छ हे काम सीपीयूच्या रिकाम्या वेळेत जाऊन बसते. उत्तर ७० मिनिटांचेच येते. सर्वच प्रसंगी ही रीत इतकी यशस्वी होत नाही. ती एका वेळी एकच पाऊल पुढचे पाहते आणि आज घेतलेल्या निर्णयाने उद्याचे मोठे काम अडेल की काय, याचा विचार करीत नाही. परंतु थोड्या श्रमात बरे नियोजन देणारी म्हणून तिची योग्यता मान्य झाली आहे.

६. काळाची अनिश्चितता

आतापर्यंतच्या विवेचनात प्रत्येक कामाचा वेळ ठाऊक आहे असे गृहीत धरले. वास्तवात तो ठाऊक नसतो. पाऊस कोरडा असेल त्या दिवशी प्रवाहाचे गणन चटकन आटोपते. पूर असेल त्या दिवशी भिजलेल्या क्षेत्राची व्याप्ती वाढते आणि गणनही लांबते. म्हणजे ज्या दिवशी उत्तराची निकड अधिक, त्याच दिवशी उत्तर उशिरा येण्याचा संभव अधिक. यावर दोन उपाय योजले जातात. पहिला असा की, प्रत्येक काम पूर्वी किती वेळात झाले याची नोंद यंत्रानेच ठेवावी व तिच्यावरून पुढचा अंदाज बांधावा. फ्रान्समध्ये विकसित झालेली ‘स्टारपीयू’ ही प्रणाली याच तत्त्वावर सीपीयू व जीपीयू यांच्यात कामे वाटते. दुसरा उपाय असा की, आगाऊ वाटप न करता, ज्याच्या हातचे काम संपले त्याने शेजाऱ्याच्या राशीतील काम उचलावे. मराठी शेतकऱ्याला इर्जिकीत हे परिचयाचे आहे. आपले तास संपले म्हणून कोणी औत सोडून बसत नाही; उरलेल्या रानात जाऊन जुंपतो.

याच्याही वरचा प्रश्न महासंगणक केंद्राचा. तेथे एका यंत्रावर अनेक संशोधकांची कामे रांगेत असतात. रांगेतील पहिले मोठे काम पुरेसे प्रक्रियक मोकळे होण्याची वाट पाहत असता, त्याला धक्का न लावता मागची लहान कामे मधल्या फटीत बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पाटाच्या पाण्याची पाळी ठरविताना जसा न्याय व उपयोग यांचा मेळ घालावा लागतो तसाच तो येथेही घालावा लागतो. परंतु पुराचा अंदाज या रांगेत इतरांप्रमाणे उभा राहू शकत नाही. त्याच्यासाठी यंत्राचा काही भाग राखून ठेवावा लागतो, अथवा चालू काम थांबवून त्याला वाट द्यावी लागते. राखून ठेवलेला भाग कोरड्या दिवशी रिकामा राहिला तरी तो अपव्यय नव्हे. तो काठावरच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी मोजलेला मोबदला होय.

७. साखळीचे शेवटचे टोक

अखेरीस पुन्हा मणिबेलीकडे वळावे. सत्तराव्या मिनिटास इशाऱ्याचा मजकूर यंत्रातून बाहेर पडला म्हणजे कार्य संपले, असे संगणकशास्त्र मानील. गावाच्या दृष्टीने ते तेथे संपत नाही. मजकूर जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचा, तेथून तालुक्यास, तेथून डोंगरातील विखुरलेल्या पाड्यांवर. जेथे वाट पाण्याखाली गेली आहे तेथे होडीने. शिवाय तो अशा भाषेत पोहोचला पाहिजे की ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ कळेल. ‘पातळी १३८ मीटर’ हे प्रमाण मराठीतील वाक्य भिली बोलणाऱ्या वृद्धेस काही सांगत नाही. कोणत्या झाडापर्यंत, कोणाच्या खळ्यापर्यंत पाणी येईल हे तिच्या बोलीत सांगितले तरच तो इशारा होतो. हीदेखील साखळीतील कामेच आहेत आणि ती कोणत्याही प्रक्रियकावर जलद होत नाहीत.

या प्रवासाला तीन तास लागतात असे मानू. म्हणजे एकूण काळ २५० मिनिटे झाला. आता जीपीयूंचा वेग दुप्पट केला तर त्यांची ४० मिनिटे २० वर येतील आणि २५० ची २३० होतील. दुप्पट वेगाच्या मोबदल्यात एकूण वेळेत केवळ ८ टक्के बचत झाली. कार्याच्या ज्या भागास वेग देता येत नाही तोच अखेर सर्व वेगाला मर्यादा घालतो, हे तत्त्व जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये प्रतिपादिले. ते येथे शब्दशः लागू पडते. उलट होडी, निरोप्या व बोलीतील मजकूर यांची तयारी आधीच करून ठेवली आणि त्यामुळे तीन तासांचे दोन झाले, तर ६० मिनिटे वाचतात. छ हे नकाशाचे काम जसे मधल्या रिकाम्या वेळेत बसले, तसेच पाड्यापाड्यांच्या खुणा व त्यांची बोलीतील नावे नोंदवून ठेवण्याचे काम कोरड्या महिन्यांत बसविता येण्याजोगे आहे.

पाणी किती अडवावयाचे, दारे केव्हा उघडावयाची, आणि ज्यांची जमीन गेली त्यांना काय द्यावयाचे, हे प्रश्न गणनाचे नाहीत. त्यांची उत्तरे माणसांनीच द्यावयाची आहेत व मणिबेलीने ती गेली कित्येक वर्षे मागितली आहेत. गणनशास्त्र काठावरच्या माणसाला फार तर काही तास मिळवून देऊ शकते. तेवढ्या तासांत गुरे सोडता येतात, धान्य वर नेता येते, मुलांना घेऊन टेकडी गाठता येते. हे तास यंत्रात किंवा वाटेत वाया न जाऊ देणे, हे नियोजनाचे काम आहे. आणि साखळी यंत्रापाशी संपते असे मानणारे नियोजन, त्याचे गणित कितीही बिनचूक असले तरी, अपुरेच राहते.